जुनी नाणी ऑनलाइन लिलावात: विकताना आणि घेताना नेमकं काय बघायचं?

निशिगंधा

नमस्कार मंडळी,

आजोळचा नाण्यांचा पत्र्याचा डबा हाती आला आहे. मोजदाद अशी:

तांब्याचे जाड, वेडेवाकडे, देवनागरी अक्षरांचे तुकडे १९ (शिवराई नाणी, म्हणजे शिवराया, असाव्यात). रुपये ११: १८६२ चे दोन, १८८५, १९०७, १९११, १९१२, १९१८ चे तीन, १९४० आणि १९४७. भोकाचे पैसे १४. थोड्या चवल्या-पावल्या. रामदरबाराचं चित्र असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं एक तांब्याचं नाणं. आणि कोणीतरी नंतर टाकलेलं वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं.

फोनवर रोज जाहिराती येतात की अमुक नाणं लाखाला जातं. दुसरीकडे रीतसर ऑनलाइन लिलावही दिसतात. यातलं खरं किती? डबा लिलावात द्यावा का, आणि दिला तर कुठे फसगत होते? शिवराया आवडल्या आहेत, त्यामुळे पुढे लिलावातून घ्यायचीही इच्छा आहे. दोन्ही बाजूंनी सांगा.

---

टांकसाळ

ताई, सर्वात आधी एकच विनंती. एकही नाणं घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, पितांबरी, टूथपेस्ट, सोनाराचं ॲसिड, यातलं काहीही नको. चांदीवरचा काळपट-निळसर थर आणि तांब्यावरचा तपकिरी थर हीच त्या नाण्याची कातडी. ती सोलली की खालच्या धातूवर बारीक समांतर ओरखडे उमटतात आणि भिंगाखाली लगेच ओळखू येतात. लिलावाच्या वर्णनात मग 'क्लीन्ड' असा शेरा पडतो. नाणी तपासून श्रेणी देणाऱ्या एनजीसी, पीसीजीएससारख्या संस्था अशा नाण्याला आकडी श्रेणी देतच नाहीत, फक्त 'डिटेल्स' असं लिहून मोकळ्या होतात. घेणारा तिथेच हात आखडता घेतो.

नाणी एकमेकांवर खडखडू देऊ नका. कडेला धरून उचला. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांत त्यातून हिरवट चिकट द्रव सुटतो आणि नाणं खातो. मायलरची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात, ते घ्या. स्टेपल मारल्यावर पिना पकडीने सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर रेघ उठते.

---

चवली_पावली

जाहिरातींबद्दल. 'हे नाणं आहे का? दीड लाख मिळवा' हा सरळ सापळा आहे. ठरलेली चाल अशी: तुम्ही फोटो पाठवता, समोरचा लगेच मोठी रक्कम कबूल करतो, घासाघीस शून्य. मग 'नोंदणी फी' १,५०० रुपये, मग 'जीएसटी', मग 'रिझर्व्ह बँकेचं ना-हरकत पत्र'. प्रत्येक पायरीला शिक्क्याचं बनावट पत्र येतं. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही, बँक असं कमिशन घेत नाही आणि कोणाला घ्यायला सांगितलेलंही नाही.

वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं, चलनासाठीच पाडलेलं. त्याचे ५ रुपये येतात.

रामदरबाराचं नाणं तर कंपनीचं नाहीच. कंपनीच्या टांकसाळीने राम, हनुमान असलेली नाणी पाडलेली नाहीत. १६१६, १७१७, १८१८ अशी लक्षात राहणारी सालं घालून हे तुकडे बाजारात येतात. हेच पुढे 'राईस पुलर' म्हणून, तांदूळ ओढून घेणारं इरिडियमचं नाणं म्हणून कोट्यवधीला विकायला निघतात, आणि त्यात सुशिक्षित माणसं घर गहाण टाकून बुडतात. ते नाणं देवघरात ठेवा, पण विकायला काढू नका. काढलंत तर तुमच्या बाकीच्या खऱ्या नाण्यांवरही लोक संशय घेतील.

पैसे घेताना आणखी एक. पैसे *येण्यासाठी* यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तासाभरात फोन करा. रक्कम मधल्या खात्यात अडकलेली असेल तर गोठवता येते.

---

गावकूस

वाचनखूण साठवली. आमच्याकडे अशा वस्तूंचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड रोज फिरतात, हा प्रतिसाद तिकडे चिकटवतो.

---

हिशेबनीस

लिलावात नवखा माणूस फसतो तो खोट्या नाण्याआधी हिशेबात. हातोडा पडतो, म्हणजे बोली थांबते, ती रक्कम आणि खिशातून जाते ती रक्कम वेगळी असते.

घेणाऱ्याचं गणित: समजा तुमचं बजेट सगळं मिळून १०,००० आहे. लिलावगृहाचा खरेदीदार प्रीमियम (बोलीच्या वर घेणाऱ्याकडून घेतली जाणारी फी) १५ टक्के, त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७.७ टक्के. टपाल-विमा २५० धरा. मग (१०,००० − २५०) ÷ १.१७७ = सुमारे ८,२८०. हीच तुमची कमाल बोली. मालावर वेगळा जीएसटी लागणार असेल तर ती आणखी खाली येते. प्रीमियम प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, तेव्हा अटींचं पान वाचून आकडा बदला. पण भागाकार बोलीच्या *आधी* करा आणि कागदावर लिहून ठेवा.

विकणाऱ्याचं गणित: हातोडा १०,००० वर पडला, विक्रेत्याचं कमिशन १० टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८० वजा. हाती ८,८२०. करारात हे चार मुद्दे शोधा: नाणं न विकलं गेल्यास फी आहे का, फोटो-कॅटलॉगचा खर्च कोणाचा, राखीव किंमत ठेवता येते का, आणि लिलावानंतर किती दिवसांत पैसे. शेवटच्या मुद्द्यावर 'लवकरच' हे उत्तर मान्य करू नका, दिवस लिहून घ्या. खरेदीदाराने पैसेच भरले नाहीत तर नाणं परत येणार की पुन्हा लिलावाला जाणार, हेही विचारा.

आणि रोख व्यवहार? २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे. बँकेतूनच घ्या, पावती ठेवा.

---

गडवाट

शिवरायांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ताईंना पुढे घ्यायच्याही आहेत.

एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसरीकडे दोन ओळींत 'छत्र / पति'. हा छाप महाराजांनंतरही पेशवाईभर आणि त्याच्याही पुढे चालू राहिला. म्हणून 'शिवराई' म्हटलं की शिवकालीन, असं समजू नका. बहुतेक हातात येतात त्या नंतरच्या. मधे दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, तीही उत्तरकालीन. अक्षराचं वळण, बिंदूंची वर्तुळं, र्‍हस्व-दीर्घाचे फरक, एखादं चिन्ह, यावर प्रकार ठरतात आणि किंमत प्रकारावर ठरते. झिजलेल्या साध्या शिवरायांचा बाजार फार मोठा नाही. अक्षरं पूर्ण बसलेली, ठसा मधोमध आलेली शिवराई मात्र वेगळ्याच रांगेत जाते.

बनावट कशी ओळखायची? शिवराई हाताने ठोकलेली आहे. आधी तांब्याचा तुकडा तोडला, मग ठशावर घण. त्यामुळे ठसा एक असला तरी तुकड्याचा आकार, कडेच्या चिरा, ठसा सरकण्याची दिशा दर वेळी निराळी. दोन शिवराया बाहेरच्या रेषेसकट तंतोतंत सारख्या दिसल्या की दोन्ही एकाच साच्यातून ओतलेल्या. ओतीव नाण्याच्या सपाट भागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोलावतात, आणि कडेला घासून काढलेली शिवण दिसते. ठोकलेल्यावर कडेला चिरा फुटतात आणि धातू बाहेरच्या दिशेला वाहिल्यासारखा दिसतो. विकणाऱ्याच्या मागच्या ५०-६० विक्रीचे फोटो एकदा नजरेखालून घाला. जुळी भावंडं सापडतात.

होन तर ऑनलाइन फोटो पाहून घेऊच नका. सोन्याचा तो इवलासा तुकडा, वजन सुमारे पावणेतीन ग्रॅम. खरे होन अतिशय दुर्मीळ आणि नकला ढिगाने. जो ५ हजाराला होन विकतो तो आठवणीची वस्तू विकतो, नाणं नव्हे.

---

दूरदेशी

न्यूजर्सीहून. ईबेबद्दल लिहिते, कारण इथे ब्रिटिश हिंदुस्थानची नाणी पुष्कळ येतात.

(भारतात बाझी डॉट कॉम होतं, ते २००४ मध्ये ईबेने घेतलं, आणि भारतातलं ईबे २०१८ मध्ये बंद झालं. त्यामुळे तिकडे ही सवय मोडली.)

प्रॉक्सी बोली कशी चालते ते आधी समजून घ्या. तुम्ही तुमची *कमाल* रक्कम टाकता. यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच वर जाते. तुमची कमाल ६५ डॉलर, दुसऱ्याची ५०, पायरी १ डॉलर, तर तुम्हाला नाणं ५१ ला. दोघांची कमाल सारखी असेल तर ज्याची आधी पडली त्याला.

खोट्या बोलीचा वास कसा घ्यायचा: बोलीच्या इतिहासात गेलात की प्रत्येक बोलीदाराची त्याच विक्रेत्याकडच्या बोल्यांची टक्केवारी दिसते. फीडबॅक (आधीच्या व्यवहारांचे शेरे) २ किंवा ३, आणि बोल्या ९५-१०० टक्के एकाच विक्रेत्याकडे, लहान लहान पायऱ्यांनी वर ढकलतोय आणि शेवटच्या तासात गायब, तर तो विक्रेत्याचाच माणूस असण्याची दाट शक्यता. तेच नाणं आठवड्याने 'खरेदीदाराने पैसे भरले नाहीत' म्हणून पुन्हा लागलं तर संशय पक्का.

नाणं वर्णनापेक्षा वेगळं निघालं तर ३० दिवसांत तक्रार करून पैसे परत मिळतात. म्हणून वर्णनातला शब्द महत्त्वाचा. 'चांदी, १८६२, अस्सल' लिहिलं असेल तर दावा चालतो. 'जुन्या पेटीत सापडलं, मला यातलं कळत नाही, फोटो पाहून ठरवा' हे वाक्य दिसलं की समजा, विक्रेत्याला चांगलं कळतंय.

बंद पारदर्शक डबीतलं, श्रेणी दिलेलं नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या साइटवर टाकून बघा. तिथे नाण्याचा फोटो असला तर डाग-ओरखडे जुळवा. डब्यांच्याही नकला होतात, आणि खरा क्रमांक खोट्या डबीवर छापणं अवघड नाही.

---

कासव

दूरदेशी, माहिती उत्तम, फक्त एक भर. ईबेवर कमाल बोली चार दिवस आधी टाकू नका. शेवटच्या ६-७ सेकंदांत टाका. आधी टाकलीत की खोटे बोलीदार तुमची कमाल चाचपडत वर येतात.

---

हिशेबनीस

कासव, हे ईबेपुरतं ठीक, तिथे वेळ ठरलेल्या क्षणी संपते. भारतातल्या बऱ्याच लिलावगृहांच्या साइटवर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुढे सरकतं. तिथे शेवटच्या सेकंदाची बोली काही कामाची नाही, उलट घाईत एक शून्य जास्त पडतं. एकदा टाकलेली बोली सहसा मागे घेता येत नाही.

---

कासव

मान्य. तरी मुदत वाढत असली तरी आधी आकडा उघडा करण्यात फायदा काय? समोरच्याला आपली ओढ कळते.

---

हिशेबनीस

फायदा एकच, पण मोठा. सारखी रक्कम असेल तर आधी आलेली बोली जिंकते. आणि रात्री साडेअकराला लॉट ४८७ ची (लॉट म्हणजे लिलावातला एक नग किंवा गठ्ठा) वाट बघत बसलं की माणूस कागदावरचा आकडा विसरतो. आधी टाकून झोपलेला माणूस जास्त पैसे देत नाही.

---

टांकसाळ

वजनाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घरच्या घरी करता येणारी सगळ्यात भरवशाची परीक्षा हीच.

१९३९ पर्यंतचा रुपया: ११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. अधेली ५.८३, पावली २.९२. झिजून रुपया ११.४ पर्यंत आला तर समजू शकतो. १० च्या खाली असेल तर काहीतरी गडबड. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली, वजन तेच राहिलं. १९४७ चा रुपया निकेलचा.

आता घनता. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या (दागिन्यांचा छोटा काटा चालतो).
आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. बुडबुडे चिकटले असतील तर हळूच हलवून घालवा. आता काटा जो आकडा दाखवतो ते नाण्याचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा.

खरा चांदीचा रुपया: ११.६६ ÷ १.१३ = १०.३ च्या आसपास. १९४० चा: आकडा १.२२ च्या जवळ, घनता ९.५. तांबं-निकेलची नक्कल: ८.९. दोरा जाड असला किंवा नाणं तळाला टेकलं की आकडा चुकतो, म्हणून तीनदा करा. नंतर नाणं टिपकागदावर *टिपून* वाळवा, पुसू नका.

लोहचुंबकावर विसंबू नका. तांबं-निकेलच्या नकला चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणजे खोटं नाणं पास होतं. आणि १९४७ चा निकेलचा रुपया चिकटतो, तो मात्र खरा!

---

गावकूस

सोनाराकडे कॅरेट मीटर असतं, त्याने नाही का होत?

---

टांकसाळ

होतं, पण ते यंत्र पृष्ठभाग वाचतं. जाड मुलामा दिलेलं नाणं त्यात चांदीचं दिसतं. काटा आणि पाणी आतलं सांगतात. दोन्ही करून घ्या. फक्त सोनाराला आधी सांगा, कसोटीवर घासू नका आणि कानस लावू नका.

---

चवली_पावली

ताईंच्या यादीतला १९११ चा रुपया कोणाच्या लक्षात आला का? तो 'डुकराचा रुपया'. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्ती होता, पण सोंड आखूड पडल्याने तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्ती दुरुस्त करून नवा ठसा आला. त्यामुळे १९११ ला १९१२ पेक्षा बरी मागणी असते. झग्याचा तो भाग झिजलेला नसेल तर त्याचा जवळून वेगळा फोटो काढा.

आणि १९१८ चे तीन का निघाले? त्या वर्षी अमेरिकेने पिटमन कायद्याखाली सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानात रुपये पाडायला आली. महायुद्धात रुपयाची टंचाई झाली होती, लोक नोटा घेईनात. म्हणून १९१८ चा रुपया घरोघरी सापडतो, आणि म्हणूनच तो चांदीच्या भावापेक्षा फार वर जात नाही.

---

दूरदेशी

हे माहीत नव्हतं. माझ्याकडच्या १९१८ च्या रुपयात अमेरिकेचा डॉलर असू शकतो म्हणजे! मन भरून आलं.

---

गडवाट

१८६२ च्या दोन्हींकडे नीट बघा. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हे साल १८७३ पर्यंत तसंच गोठवलेलं होतं. प्रत्यक्ष पाडल्याची खूण म्हणून मागच्या बाजूला तारखेभोवती बिंदूंची संख्या आणि जागा बदलत गेली. दहापट भिंगातून बिंदू मोजा आणि कॅटलॉगशी जुळवा. एकाच सालाचे दोन रुपये, पण एक साधा आणि एक क्वचित मिळणारा असू शकतो. लिलावात '१८६२ रुपया' एवढंच लिहिलेले लॉट येतात. बिंदू मोजणाऱ्याला खरा नफा तिथे आहे. विकणाऱ्याला तोटाही तिथेच.

---

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात, कारण इथे अज्ञानाची सबब चालत नाही.

१. पुरातन वस्तू आणि कलासंपदा कायदा, १९७२. शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरातन वस्तू. देशात खरेदी-विक्री करता येते, पण *व्यवसाय* करायचा तर परवाना हवा. देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे ताईंच्या शिवराया आणि १९१८ पर्यंतचे रुपये परदेशी लिलावात देता येणार नाहीत. परदेशी खरेदीदाराला टपालाने पाठवणंही गुन्हा. 'भेटवस्तू' लिहिल्याने तो मिटत नाही.

२. शेतात, भिंतीत, जुन्या पायात पुरलेली नाणी सापडली तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लिलावात येणारे मातीने भरलेले, 'नुकतेच सापडलेले' शिवरायांचे ढीग घेऊ नका. विकणाऱ्याकडून लेखी पावती आणि मालकीचं विवरण घ्या.

३. नोटांचे संग्राहक: २०१६ मध्ये बाद झालेल्या ५०० आणि १,००० च्या नोटा २०१७ च्या कायद्याने १० पेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन, संग्रहासाठी मर्यादा २५. दंड किमान १०,००० किंवा दर्शनी मूल्याच्या पाचपट, यातलं जे जास्त ते. या नोटांचे शंभर-शंभरचे लॉट ऑनलाइन दिसतात. हात लावू नका.

---

दूरदेशी

परदेशातून भारतात मागवणाऱ्यांसाठी: पाकिटावर खरी किंमत लिहायला सांगा आणि इनव्हॉइसची प्रत आत व बाहेर दोन्हीकडे लावायला सांगा. कमी किंमत लिहून घेतली तर कस्टममध्ये अडकतं, हरवलं तर विम्यातही तेवढेच मिळतात. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नकली नाण्यांवर 'कॉपी' असा ठसा सक्तीचा आहे, पण बाहेरून येणाऱ्या मालावर तो बऱ्याचदा नसतो.

---

कासव

माझं थोडं वेगळं मत. एवढ्या डब्यासाठी लिलाव कशाला? साधे रुपये ओळखीच्या नाणे-विक्रेत्याला द्या. लिलावात कमिशन, टपाल, दोन-तीन महिने थांबणं, आणि तरी भाव चांदीचाच.

---

टांकसाळ

निम्मं पटतं. साध्या रुपयाचा तळ सोपा आहे: १०.६९ गुणिले त्या दिवशीचा चांदीचा ग्रॅमचा भाव (१९४० च्याला ५.८३). विक्रेता याच्या जवळपास देत असेल तर १९१८ चे तीन आणि १९१२ चा देऊन टाकायला हरकत नाही. पण दोन्ही १८६२, १९११ आणि चांगल्या शिवराया विक्रेत्याला 'सगळा डबा किती?' असं विचारून दिल्यात तर चांगल्या नाण्याची किंमत साध्यात बुडते. निवडक एकेक लॉट, उरलेले एकत्र एका लॉटमध्ये.

सोनाराला मात्र देऊ नका. तो वितळवेल.

---

गडवाट

टांकसाळ यांना पूर्ण अनुमोदन. एक शिवराई वितळली की तो ठसा जगातून एकाने कमी होतो.

---

हिशेबनीस

फोटो आणि पाकिटाचं सांगून टाकतो, नव्वद टक्के भांडणं तिथेच होतात.

फोटो: सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट नको, फ्लॅश नको. खाली पांढरा मॅट कागद. फोन नाण्याला समांतर, नाहीतर गोल लंबगोल दिसतो. दोन्ही बाजू, कडेचे निदान दोन, आणि काट्यावर वजनाचा आकडा दिसतो असा एक. दोष लपवू नका, दोषाचा वेगळा फोटो टाका. नंतरची तक्रार वाचते.

पाकीट: होल्डर दोन पुठ्ठ्यांमध्ये, चारही बाजूंनी चिकटपट्टी पुठ्ठ्याला, नाण्याला नाही. हलवून बघा, आवाज यायला नको. मग बबल, मग छोटी पेटी. बाहेर 'नाणी', 'चांदी' असं काही लिहू नका. टपालाने विमा उतरवून पाठवा. बऱ्याच कुरिअरच्या अटींत नाणी आणि मौल्यवान धातू भरपाईतून वगळलेले असतात, त्यामुळे पावती असूनही हात रिकामे राहतात.

घेणाऱ्याने पाकीट फोडताना न थांबवता एकच व्हिडिओ काढायचा: बंद पाकिटाच्या सहा बाजू, पत्ता, फोडणं, नाणं, काट्यावर वजन. मधे कट असेल तर दावा टिकत नाही.

---

निशिगंधा

सगळ्यांचे मनापासून आभार. काटा आणला, टांकसाळ यांच्या पद्धतीने प्रत्येक रुपया तीनदा तोलला. सरासरी देते:

१८६२ (अ): कोरडं ११.४९, पाण्यात १.११
१८६२ (ब): ११.५२, १.१२
१८८५: ९.८०, १.१०
१९०७: ११.६१, १.१३, पण वरच्या कडेला खरबरीत ठिपका आहे
१९११: ११.५८, १.१२
१९१२ आणि १९१८ चे तीन: ११.५५ ते ११.६२, सगळे १.१२ ते १.१३
१९४०: ११.५३, १.२१
१९४७: चुंबकाला चिकटला!

१८८५ ची काळजी वाटते. आणि १९०७ चा ठिपका काय असेल?

---

टांकसाळ

छान केलंत. १८६२ चे दोन्ही १०.३ च्या घरात, खरे. १९४० ची घनता ९.५, बरोबर तशीच हवी. १९४७ ची चिंता मिटली.

१८८५: ९.८० ÷ १.१० = ८.९. चांदी नाही, तांबं-निकेल आहे. वजनही जवळजवळ दोन ग्रॅम कमी. बाजूला काढा, वर 'नक्कल' अशी चिठ्ठी लावा, आणि कोणत्याही लॉटमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका. अकरापैकी एक खोटा निघाला की लिलावगृह उरलेल्या दहांकडेही त्याच नजरेने बघतं.

१९०७ चा ठिपका म्हणजे काढून टाकलेल्या कडीचा डाख (जोडाची झाळ) असणार. जुन्या पोतीत, गळ्यातल्या माळेत रुपये ओवायचे, ती कडी नंतर कापली आणि कानसली. वजन जवळजवळ पूर्ण भरतंय ते त्यामुळेच, डाखाचा धातू राहिलाय. वर्णनात 'कडी काढलेली' असं स्पष्ट लिहा. संग्राहक कमी देतील, पण चांदीचा भाव शाबूत आहे.

---

गडवाट

आता शिवरायांचे फोटो येऊ द्या, दोन्ही बाजू, एकेक करून, बाजूला क्रमांक लिहून. माती लागलेली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, ब्रश नको.

---

टांकसाळ

गडवाट, इथे असहमत. तांब्यावर चमकदार हिरवे, पिठासारखे ठिपके असतील तर पाण्याने ते वाढतात. नुसती कोरडी माती असेल तरच पाणी, आणि नंतर पूर्ण वाळवणं. हिरवी भुकटी दिसत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या डबीत सिलिका जेलसोबत.

---

गडवाट

बरोबर, तो फरक लिहायचा राहिला. ताई, आधी फोटो. पाणी नंतर.

---

निशिगंधा

७ आणि १२ क्रमांकांवर फिकट हिरवी भुकटी आहे. दोन्ही वेगळ्या डबीत ठेवली. १२ वर 'शिव' च्या खाली दोन आडव्या रेघा दिसतात. उद्या सकाळी उजेड आला की एकोणीसच्या एकोणीस शिवरायांचे फोटो टाकते.